गेट स्कोअर आणि एम.टेक. प्रवेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्चमध्ये गेटचा, म्हणजे एम.टेक. प्रवेशासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेचा, निकाल लागला की पुढचे तीन-चार महिने विद्यार्थी आणि पालक जे विचारत राहतात, ते इथे एकत्र केलं आहे. परीक्षेची तयारी कशी करावी यावर माहिती उदंड आहे. स्कोअर हातात आल्यावर त्याचं नेमकं काय करायचं, यावर मात्र मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. बरा स्कोअर असूनही जागा हुकलेली मुलं दरवर्षी दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं गणित परीक्षेनंतरच्या फॉर्मांमध्ये बिघडलेलं असतं.

मार्क, स्कोअर आणि रँक यांत फरक काय? प्रवेशाला यातलं काय बघतात?

मार्क म्हणजे १०० पैकी मिळालेले गुण. रँक म्हणजे तुमच्या पेपरात देशभरात तुमचा कितवा क्रमांक. स्कोअर हा १००० पैकीचा आकडा, आणि एम.टेक. प्रवेशाला तोच चालतो. आयआयटी, एनआयटी आणि राज्याची कॅप (केंद्रीकृत प्रवेश) फेरी या तिन्ही ठिकाणी गेटवरून होणारी क्रमवारी स्कोअरवर लागते.

रँक सांगायला सोपी, म्हणून सगळे एकमेकांना रँकच विचारतात. पण कॉम्प्युटर सायन्सची २००० वी रँक आणि मेटलर्जीची २००० वी रँक यांची तुलनाच होऊ शकत नाही, कारण दोन्ही पेपरांना बसणाऱ्यांची संख्याच फार वेगळी. गेल्या वर्षीची आणि यंदाची रँक शेजारी ठेवूनही काही कळत नाही. जुने कट-ऑफ चाळताना स्कोअरचा रकाना बघा.

४८ मार्क पडले, आयआयटी मिळेल का?

नुसत्या मार्कांवरून याचं उत्तर देता येत नाही. कारण समजायला स्कोअर कसा निघतो ते बघावं लागेल. सूत्र अवघड नाही:

स्कोअर = ३५० + ५५० × (तुमचे मार्क − पात्रता मार्क) ÷ (अव्वल उमेदवारांचे सरासरी मार्क − पात्रता मार्क)

यातले पात्रता मार्क खुल्या प्रवर्गाचे धरतात, तुमचा प्रवर्ग कुठलाही असो. ते २५ किंवा त्या पेपराची सरासरी अधिक प्रमाण विचलन (मार्क सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप), यांपैकी जे जास्त असेल ते. अव्वल उमेदवार म्हणजे पेपर दिलेल्यांपैकी वरचे ०.१ टक्के किंवा वरचे १०, यांतली जी संख्या मोठी असेल तेवढे. पात्रतेच्या रेषेवर असलेल्याला ३५०, अव्वलांच्या सरासरीइतके मार्क मिळवणाऱ्याला ९००, आणि बाकी सगळे त्या प्रमाणात. १००० च्या वर कुणी जात नाही.

आता तेच ४८ मार्क तीन वेगळ्या पेपरांत ठेवून बघू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. एका पेपरात पात्रता २८ आणि अव्वलांची सरासरी ७८ असेल, तर स्कोअर ५७० येतो. पेपर सोपा गेला, पात्रता ३२ वर आणि अव्वलांची सरासरी ८८ वर गेली, तर त्याच ४८ मार्कांचा स्कोअर ५०७ होतो. पेपर कठीण निघाला, पात्रता २५ वर थांबली आणि अव्वलही ६६ च्या आसपासच राहिले, तर तेच ४८ मार्क ६५९ देऊन जातात. म्हणजे मार्क तेच, आणि स्कोअरमध्ये दीडशेचा फरक. मित्राला गेल्या वर्षी ४८ वर काय मिळालं, याचा तुम्हाला काहीच उपयोग नसतो तो यामुळे.

आमच्या शिफ्टचा पेपर कठीण होता. मग अन्याय नाही का झाला?

ज्या विषयांना उमेदवार जास्त, तिथे एकाहून अधिक सत्रांत परीक्षा होते आणि आधी मार्कांचं सामान्यीकरण करतात. तुमच्या सत्रातले पात्रता मार्क आणि अव्वलांची सरासरी घेऊन ते सगळ्या सत्रांच्या एकत्रित मोजपट्टीवर आणतात. कठीण सत्रातल्यांचे मार्क त्यामुळे थोडे वाढतात. ही पद्धत दोन्ही सत्रांत साधारण सारख्या ताकदीचे उमेदवार बसले आहेत असं गृहीत धरते, आणि हजारोंच्या संख्येत ते बऱ्यापैकी खरं असतं. स्कोअर निघतो तो या बदललेल्या मार्कांवरून. उत्तरतालिकेवरून घरी काढलेले मार्क आणि निकालातले मार्क जुळले नाहीत तर आधी हे तपासा.

माझा स्कोअर ३२८ आला. ३५० च्या खाली म्हणजे नापास का?

तुम्ही ओबीसी नॉन-क्रिमी लेयर, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एससी, एसटी किंवा दिव्यांग प्रवर्गात असाल तर तसं नाही. ओबीसी आणि ईडब्ल्यूएससाठी पात्रता खुल्या प्रवर्गाच्या ९० टक्के, तर एससी, एसटी आणि दिव्यांगांसाठी दोन-तृतीयांश. खुल्या प्रवर्गाची रेषा २८ असेल तर ओबीसीची २५.२ होते. २६ मार्कांचा ओबीसी विद्यार्थी पात्र ठरतो, मात्र सूत्रात रेषा २८ चीच असल्यामुळे त्याचा स्कोअर ३५० च्या खाली येतो. हे बघून आपण अपात्र आहोत असं समजणारी मुलं भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. स्कोअरकार्ड फक्त पात्र उमेदवारांनाच मिळतं. तुमच्या खात्यात स्कोअरकार्ड दिसत असेल तर तुम्ही पात्र आहात.

जातीचा दाखला आहे, नॉन-क्रिमी लेयरही आहे. तरी फॉर्म का अडकतो?

या प्रश्नावर जरा थांबून लिहितो, कारण महाराष्ट्रातल्या मुलांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

गेट, आयआयटी, एनआयटी हे सगळं केंद्राच्या अखत्यारीत येतं. तिथे राज्याचे प्रवर्ग चालत नाहीत, केंद्राची यादी चालते. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडला चार वर्षांपूर्वी जो दाखला चालला, तो इथे चालेलच असं नाही. राज्यात एनटी-सी किंवा एनटी-डी असलेल्या मुलांना केंद्रात एनटी नावाचा रकानाच दिसत नाही, मग ती घाबरून 'जनरल' टिकमार्क करतात. धनगर आणि वंजारी हे दोन्ही समाज महाराष्ट्रासाठीच्या केंद्रीय ओबीसी यादीत आहेत, त्यामुळे नॉन-क्रिमी लेयर असलेल्या त्या मुलांना केंद्रात ओबीसीच्या २७ टक्के आरक्षणाचा लाभ मिळतो. बाकीच्यांनी आपली जात केंद्रीय यादीत नेमक्या कोणत्या नावाने आणि कोणत्या स्पेलिंगने आहे ते राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावं.

राज्याचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गही केंद्रात नाही. एसईबीसीतल्या ज्या विद्यार्थ्यांना केंद्रीय ओबीसीचा लाभ नाही, त्यांनी केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र मिळतं का ते बघावं. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं आणि शेती ५ एकरांपेक्षा कमी हवी. घराच्या क्षेत्रफळाच्याही अटी आहेत.

नमुना आणि तारीख या दोन गोष्टींवर सर्वाधिक फॉर्म अडतात. सेतू केंद्रात अर्ज देताना 'केंद्र सरकारच्या नमुन्यात हवं' असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने राज्याचा नमुना निघतो. ईडब्ल्यूएस आणि नॉन-क्रिमी लेयर हे दाखले चालू आर्थिक वर्षातले, म्हणजे १ एप्रिलनंतरचे मागतात. आयआयटीचे फॉर्म नेमके मार्च-एप्रिलमध्ये भरले जातात. म्हणून उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा फेब्रुवारीतच गोळा करून ठेवा, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तहसीलमध्ये अर्ज पडलेला असू द्या.

कोआप, सीसीएमटी आणि कॅप. हे तीन वेगळे आहेत का? फॉर्म कुठे-कुठे भरायचे?

तिन्ही स्वतंत्र आहेत, आणि एकात अर्ज केल्याने दुसऱ्यात नाव जात नाही.

कोआप हे आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीच्या जागांचं सामाईक ऑफर-पोर्टल. गैरसमज असा की तिथे नोंदणी केली म्हणजे सगळ्या आयआयटींना अर्ज गेला. तसं अजिबात नाही. मुंबई, गोवा, इंदूर, हैदराबाद, जिथे-जिथे जायची तयारी आहे त्या प्रत्येक आयआयटीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज आणि वेगळी फी. कोआपवर फक्त ऑफर दिसतात आणि त्यांना उत्तर द्यायचं असतं.

सीसीएमटीमधून एनआयटी आणि केंद्राच्या अनुदानावरच्या इतर काही संस्था भरतात. नागपूरची व्हीएनआयटी आणि एनआयटी गोवा यांचा मार्ग हाच. इथे एकच अर्ज आणि एकच लांब पसंतीयादी. खुल्या प्रवर्गाला पदवीत ६० टक्के किंवा ६.५ सीजीपीए लागतो. एससी, एसटी, दिव्यांगांना ५५ टक्के किंवा ६.०.

तिसरा मार्ग राज्याच्या सीईटी सेलच्या एम.ई./एम.टेक. कॅपचा. राज्यातली सरकारी, अनुदानित आणि खासगी महाविद्यालयं यात येतात. गेटवाल्यांची यादी स्कोअरनुसार आधी लागते, बिगर-गेट विद्यार्थ्यांचा विचार पदवीच्या गुणांवर नंतर होतो. त्यामुळे आयआयटीला न पुरणारा स्कोअर राज्यातल्या नावाजलेल्या महाविद्यालयात तुम्हाला यादीच्या वरच्या भागात नेऊन ठेवतो.

वेळापत्रकात साधारणपणे आयआयटी आधी, मग सीसीएमटी, आणि राज्याची कॅप सगळ्यात शेवटी. तिन्हीकडे अर्ज करा.

कोआपवर ऑफर आली. तीन पर्याय दिसतात, कोणता दाबायचा?

'अ‍ॅक्सेप्ट अँड फ्रीझ' म्हणजे ही जागा घेतली, आता पुढच्या फेऱ्यांत माझा विचार नको. 'रिटेन अँड वेट' म्हणजे ही जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत याहून चांगली येते का ते बघतो. 'रिजेक्ट अँड वेट' म्हणजे ही नको, दुसरी आली तर बघू. नाकारलेली जागा परत येत नाही.

पहिल्या फेऱ्यांत मधल्या पसंतीची जागा आली तर रिटेन करा. वरच्या स्कोअरची मुलं फेरीगणिक एकेका जागेवर स्थिर होत जातात, त्यांच्या सुटलेल्या जागा खाली सरकतात, आणि कट-ऑफ पहिल्या फेरीपेक्षा शेवटच्या फेरीत बऱ्याचदा चांगलाच उतरतो. पहिल्या फेरीत नाव नाही म्हणून खचून जाऊन पोर्टल उघडणंच बंद करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. तसं करू नका. प्रत्येक फेरीला उत्तर द्यायला दोन-तीन दिवसच मिळतात, आणि मुदतीत उत्तर गेलं नाही तर हातातली जागा जाते. गावी रेंज नसेल तर त्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी जा.

माझा स्कोअर ४८० आहे. एक वर्ष थांबून पुन्हा गेट द्यावं का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा तो घाईने विचारलेला असतो. आधी ४८० मध्ये काय-काय मिळू शकतं हे नीट धुंडाळलं का?

'मला आयआयटीत मेकॅनिकल हवं' असं मुलं म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर दोन-तीन जुन्या आयआयटींच्या दोन-तीन शाखा असतात. एम.टेक.चा प्रवेश शाखेला नसतो, स्पेशलायझेशनला असतो, आणि एकाच विभागात त्यांचे कट-ऑफ वेगळे असतात. सिव्हिलमध्ये स्ट्रक्चरलकडे सगळ्यांची धाव. जलसंपदा, पर्यावरण, रिमोट सेन्सिंग यांच्याकडे त्या मानाने कमी. दुष्काळ आणि पूर दोन्ही एका वर्षात बघणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलाने जलसंपदेचं एम.टेक. दुय्यम का मानावं, हे मला खरंच कळत नाही.

शिवाय विभागांपलीकडे केंद्रं असतात. आयआयटी मुंबईतच ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणारं सितारा हे केंद्र आहे, आणि तिथल्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही आठवडे गावात राहून काम करावं लागतं. हवामान अभ्यास आहे, ऊर्जा आहे, औद्योगिक अभियांत्रिकी आणि ऑपरेशन्स रिसर्च आहे. अशा ठिकाणी अनेक शाखांचे पेपर चालतात. काहींना लेखी परीक्षा किंवा मुलाखत असते. म्हणजे स्कोअर तुम्हाला बोलावण्यापुरता बघतात, पुढचं तुमच्या हातात.

संशोधनाची वाटही याच पट्ट्यात येते. आयआयटी मद्रास, दिल्ली अशा ठिकाणी संशोधनाधारित एम.एस. असतं, आयआयटी मुंबईत तीन वर्षांचं रिसर्च असिस्टंट पद्धतीचं एम.टेक. असतं. इथे निव्वळ स्कोअरच्या जोरावर मिळणाऱ्या दोन वर्षांच्या जागेपेक्षा कमी स्कोअरवर मुलाखतीला बोलावतात. मुलाखतीत दोन विषय मुळापासून विचारतात. तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकातले दोन विषय पक्के करून जाणाऱ्याला इथे खरी संधी असते.

एवढं सगळं बघूनही काही मिळालं नाही, किंवा तुम्हाला अमुकच स्पेशलायझेशन मनापासून हवं असेल, तर पुन्हा परीक्षा द्या. प्रयत्नांना मर्यादा नाही, आणि निकालापासून ३ वर्षं स्कोअर वैध राहतो. म्हणजे ४८० राखून, नोकरी करत, पुढच्या फेब्रुवारीत बसता येतं. घरी वर्षभर बसून राहायला मात्र मी सहसा सांगत नाही. पहिल्या वेळी तयारीला वेळच मिळाला नव्हता, हे कारण खरं असेल तरच.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलो होतो. चालेल का? आणि केटी असेल तर?

डिप्लोमाने काही फरक पडत नाही, पदवी बी.ई. किंवा बी.टेक. असली की झालं. तिसऱ्या वर्षापासून गेटला बसता येतं. केटी असतानाही परीक्षा देता येते, पण संस्थेने दिलेल्या मुदतीपर्यंत, साधारण सप्टेंबरअखेर, पदवी पूर्ण झाल्याचा कागद द्यावा लागतो. विद्यापीठाचे निकाल रखडण्याची परंपरा लक्षात घेऊन महाविद्यालयाकडून 'निकाल प्रतीक्षेत' असं पत्र आधीच घेऊन ठेवा.

मी सिव्हिलचा, पण डेटा सायन्सचा पेपर दिला. प्रवेश मिळेल?

परीक्षा कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. प्रवेशाचा नियम वेगळा असतो: प्रत्येक अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात कोणती पदवी आणि कोणता गेट पेपर चालेल याचा तक्ता असतो, आणि दोन्ही रकाने जुळावे लागतात. डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा पेपर २०२४ पासून आला. तो काही ठिकाणी सगळ्या शाखांना खुला आहे, काही ठिकाणी नाही. पेपर निवडण्याआधी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अर्ज भरतानाच, हे तक्ते बघा. नियमांनी परवानगी दिलेल्या जोड्यांमधून दोन पेपर देण्याची सोय २०२१ पासून आहे. सिव्हिलवाल्याने आपला पेपर सोडून फक्त दुसऱ्याचाच देण्याआधी याचा विचार करावा.

मुलगी एम.टेक. करते म्हणते. आम्हाला पुन्हा दोन वर्षं खर्च झेपेल का?

गेट पात्र असलेल्या पूर्णवेळ एम.टेक. विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो, २४ महिन्यांपर्यंत. आयआयटी-एनआयटीत तर मिळतोच, एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता असलेल्या राज्यातल्या महाविद्यालयांतही मिळतो. अट एवढीच की प्रवेश घेताना गेट स्कोअर वैध असला पाहिजे. त्या बदल्यात आठवड्याला सुमारे आठ तास शिकवणीचं किंवा प्रयोगशाळेचं काम करावं लागतं. पैसे थेट विद्यार्थिनीच्या बँक खात्यात येतात, त्यामुळे खातं तिच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. पहिल्या हप्त्याला उशीर होऊ शकतो. सुरुवातीच्या काही महिन्यांची तजवीज घरून ठेवा. तेवढं केलंत तर हॉस्टेल आणि मेस या रकमेत बऱ्यापैकी भागतं. बी.ई.च्या खासगी महाविद्यालयाची फी भरलेल्या पालकांना हा हिशेब कळला की त्यांचा विरोध निम्म्याने कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

सोबत जीआरई पण द्यावी का?

परदेशात एम.एस. करायचं पक्कं असेल तरच. जीआरईत व्हर्बल आणि क्वांट हे दोन भाग प्रत्येकी १३० ते १७० वर आणि लेखन ० ते ६ वर मोजतात. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा दोन तासांच्या आत आटोपते आणि स्कोअर पाच वर्षं चालतो. तिचं गणित बारावीच्या आतलं, इंजिनिअरिंगचा विषय त्यात नाहीच. गेटची तयारी तिथे फारशी उपयोगी पडत नाही. २०२० नंतर अमेरिकेतल्या अनेक इंजिनिअरिंग विभागांनी ती ऐच्छिक केली किंवा बंद केली. आधी विभागांची यादी करा, त्यातले किती मागतात ते मोजा, मग फी भरा.

स्कोअरकार्ड नंतर डाउनलोड केलं तर चालेल ना? आता कुठे लागतंय?

लगेच करा. मेअखेरपर्यंत ते फुकट मिळतं, त्यानंतर डिसेंबरअखेरपर्यंत प्रत्येक पेपरामागे ५०० रुपये पडतात, आणि नवीन वर्ष उजाडल्यावर मिळतच नाही. स्कोअर ३ वर्षं वैध असला तरी पोर्टल तेवढी वर्षं उघडं राहत नाही. पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, दोन रंगीत प्रती काढून दाखल्यांच्या फाइलमध्ये लावा, आणि कार्डावरचं नाव दहावीच्या मार्कशीटवरच्या नावाशी अक्षरशः जुळतं का ते त्याच दिवशी तपासा.